खेळ कंपनीचा, कथा खेळणाऱ्यांची

टेबलाभोवती बसून एकेक पात्र घ्यायचं आणि बोलता बोलता कथा रचायची, असा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आला. २००० मध्ये ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या मालक कंपनीने त्याचे मूळ नियम खुल्या परवान्यावर दिले आणि त्यावर अनेक छोटे प्रकाशक उभे राहिले. जानेवारी २०२३ मध्ये तो परवाना रद्द करून साडेसात लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर २५ टक्के वाटा मागणारा कंपनीचा मसुदा बाहेर फुटला. खेळाडू खवळले, त्याच महिन्यात कंपनीने मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले केले. भांडवल आमचं, मग हक्कही आमचा, हे म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पण इथे निम्मा माल गिऱ्हाईकच घडवतं. त्याचा विश्वास घालवणारं नेतृत्व आपलीच पुंजी जाळतं.

विश्वासाची हीच गोष्ट पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यालाही लागू आहे. १६६४ च्या सुरत स्वारीला जाताना शिवाजी महाराज जव्हारजवळच्या शिरपामाळावर थांबले, जव्हारच्या राजाने त्यांना शिरपेच दिला, असं इथली परंपरा सांगते. बोहाडा या इथल्या उत्सवात गावकरी मुखवटे चढवून देवदानवांची सोंगं नाचवतात. यावर कुणी मराठी उद्योजकाने खेळ काढावा, जरूर काढावा. परंपरा सगळ्यांची, परवानगी कशाला, असं तो म्हणेल. परंपरा सगळ्यांची असेलही. पण ती जिवंत ठेवण्याचे कष्ट या गावांचे आहेत. म्हणून पहिला करार त्यांच्याशी करा, मुखवटे घडवणाऱ्यांचं नाव खोक्यावर छापा आणि विक्रीतला वाटा लेखी द्या.