व्हेंटिलेटर आले, ते चालवणारे हात कधी घडणार?

करोनाच्या साथीने जे वैद्यकीय शब्द घराघरांत पोहोचवले, त्यांत ‘व्हेंटिलेटर’ हा सर्वांत धाक बसवणारा शब्द ठरला. मे २०२० मध्ये पीएम केअर्स निधीतून देशी बनावटीचे ५० हजार व्हेंटिलेटर घेण्यासाठी दोन हजार कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. म्हणजे एका यंत्रामागे सरासरी चार लाख रुपये. त्यानंतर कोणत्या जिल्ह्याला किती यंत्रे मिळाली, याचे आकडे नित्यनेमाने जाहीर होत राहिले. मात्र ही यंत्रे सुरक्षितपणे चालवू शकणारे डॉक्टर आणि परिचारिका किती, हा प्रश्न मागेच पडला.

तो ऐरणीवर आला २०२१ च्या दुसऱ्या लाटेत. तेव्हाच्या औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला मिळालेल्या व्हेंटिलेटरचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे गेले. यंत्रे सदोष असल्याचे रुग्णालयाचे म्हणणे होते, तर हाताळणाऱ्यांना पुरेसे प्रशिक्षण नसल्याकडे केंद्र सरकारने बोट दाखवले. केंद्राच्या या पवित्र्याबद्दल खंडपीठाने नाराजी व्यक्त केली. सदोष यंत्र प्रशिक्षणाने सुधारत नाही, हे उघडच आहे. पण त्याच मे महिन्यात पंतप्रधानांनीही व्हेंटिलेटरच्या उभारणीची व वापराची तपासणी करण्याचे आणि गरज तेथे कर्मचाऱ्यांना उजळणी प्रशिक्षण देण्याचे निर्देश दिले होते. म्हणजे प्रशिक्षणाची उणीव कोणी नाकारत नव्हते. ती कोणी आणि केव्हा भरून काढायची, एवढेच अनिर्णित होते.

व्हेंटिलेटर चालवणे म्हणजे कळ दाबून पंखा सुरू करणे नव्हे. एकच उदाहरण पुरेसे आहे. १५५ सेंटिमीटर उंचीच्या एका महिलेचे वजन ८० किलो आहे आणि तिची फुप्फुसे गंभीररीत्या सुजली आहेत. प्रत्येक श्वासाला किती हवा द्यायची, हे तिच्या प्रत्यक्ष वजनावर नव्हे, तर उंचीवरून काढलेल्या वजनावर ठरते. कारण शरीर स्थूल झाले म्हणून फुप्फुसे मोठी होत नाहीत. या महिलेसाठी ते वजन सुमारे ४८ किलो येते. किलोमागे सहा मिलिलिटर धरल्यास एका श्वासाला सुमारे २९० मिलिलिटर हवा पुरते. नवख्याने ८० किलो हाच आधार धरला, तर ४८० मिलिलिटर हवा आत लोटली जाईल.

हा फरक जीवघेणा ठरू शकतो. अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत किलोमागे १२ मिलिलिटर हवा दिलेल्या गटात सुमारे ४० टक्के रुग्ण दगावले. सहा मिलिलिटर दिलेल्या गटात हे प्रमाण ३१ टक्के होते. औषध नवे नव्हते, यंत्रही नवे नव्हते. बदलली होती ती केवळ यंत्र चालवण्याची रीत.

दुसरी अडचण वेळेची. तीव्र दम्याच्या रुग्णाला श्वास बाहेर सोडायला वेळ लागतो. रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढलेला पाहून नवखा डॉक्टर श्वासांची गती वाढवतो. आधीची हवा बाहेर पडण्यापूर्वीच पुढचा श्वास आत शिरतो, छातीत हवा कोंडते आणि रक्तदाब कोसळतो. येथे उपाय नेमका उलटा असतो: गती कमी करायची आणि प्राणावर बेतले तर क्षणभर नळी यंत्रापासून सोडवून कोंडलेली हवा बाहेर जाऊ द्यायची. पुस्तकात हे दोन ओळींत वाचून होते. मध्यरात्री धोक्याची घंटा वाजत असताना ते सुचण्यासाठी हाताला सवय लागते.

मुळात हा उपचार हातांनीच रुजवला. १९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या सूचनेनुसार रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालण्यात आली आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रबरी पिशवी दाबून त्यांना जगवले. फुप्फुस ताठरले की पिशवी जड लागे; ते त्या हातांना कळत असे. यंत्राने हे श्रम वाचवले, पण त्याबरोबर स्पर्शाचे ज्ञानही गेले. आता तीच गोष्ट पडद्यावरील रेषांतून वाचावी लागते.

सिम्युलेशन, अर्थात प्रत्यक्षासारखा प्रसंग उभा करून दिलेले प्रशिक्षण, ही उणीव भरून काढते. वैमानिकांना प्रवासी घेऊन उड्डाण करण्यापूर्वी इंजिन बंद पडण्याचा सराव जमिनीवरच करावा लागतो. येथे विमानाच्या जागी खरा व्हेंटिलेटर आणि रुग्णाच्या जागी कृत्रिम फुप्फुस असते. प्रशिक्षक ते फुप्फुस ताठर करतो, नळी चिमटतो, गळती निर्माण करतो. शिकणाऱ्याने पडदा वाचून कारण शोधायचे. चुकले तर कोणी दगावत नाही. प्रसंग संपल्यावर कोणता निर्णय का घेतला, याची मोकळी चर्चा होते आणि खरे शिक्षण तेथेच घडते.

याचा उपयोग होतो काय? शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सिम्युलेशनद्वारे शिकलेल्या पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांनी अतिदक्षता कौशल्यांच्या चाचणीत पारंपरिक पद्धतीने शिकलेल्या तिसऱ्या वर्षाच्या डॉक्टरांना मागे टाकले. अर्थात, चाचणीतील गुण म्हणजे वाचलेले प्राण नव्हेत. सिम्युलेशनमुळे मृत्युदर किती घटतो, हे सिद्ध करणे अवघड आहे आणि रुग्णशय्येजवळच्या अनुभवाला ते पर्यायही नाही. पण पहिली चूक रुग्णावर होऊ नये, एवढे ते नक्कीच साधते.

भारतात २०१९ च्या वैद्यकीय अभ्यासक्रमाने प्रत्येक महाविद्यालयात कौशल्य प्रयोगशाळा आवश्यक ठरवली. परंतु खोली आणि पुतळे म्हणजे प्रशिक्षण नव्हे. वेळ राखून ठेवलेला प्रशिक्षक नसेल, तर महागडा पुतळाही शोभेची वस्तू होतो. शिवाय अमेरिकेत श्वसनोपचाराचे स्वतंत्र तंत्रज्ञ व्हेंटिलेटर सांभाळतात. आपल्याकडे हा भार बहुतांशी निवासी डॉक्टर आणि परिचारिकांवर पडतो. त्यांतील परिचारिकांपर्यंत असे प्रशिक्षण क्वचितच पोहोचते. न वापरलेले कौशल्य गंजते, म्हणून एकदा दिलेले प्रमाणपत्रही पुरेसे नाही.

सुरुवात करायला कोट्यवधींचा पुतळा लागत नाही. रुग्णालयातील राखीव व्हेंटिलेटर, एक रबरी कृत्रिम फुप्फुस आणि महिन्यातील काही ठरावीक तास एवढ्यावरही ती होऊ शकते. यंत्रखरेदीच्या प्रत्येक आदेशातच प्रशिक्षणाचा खर्च आणि उजळणीचे वेळापत्रक बंधनकारक करणे, तसेच सरावाची किमान चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय कोणालाही एकट्याने व्हेंटिलेटर सांभाळायला न देणे, हे दोन निर्णय शासनाच्या हाती आहेत. पुढची साथ यंत्रे मोजून थांबणार नाही. आणि साथ नसतानाही आज रात्री कुठल्यातरी जिल्हा रुग्णालयात एखादा तरुण डॉक्टर घंटा वाजणाऱ्या व्हेंटिलेटरसमोर एकटाच उभा असणार आहे.