ग्रेड तीन म्हणजे शेवटची स्टेज नव्हे

रिपोर्टवर 'ग्रेड ३' दिसले की नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, म्हणजे शेवटची स्टेज का हो?" याच गैरसमजातून काही जण उपचार न घेताच रुग्णाला घरी नेतात.

ग्रेड ठरते सूक्ष्मदर्शकाखाली. तुकड्यातील पेशी मूळ पेशींपेक्षा जितक्या बदललेल्या, तितकी ग्रेड वरची आणि गाठ वेगाने वाढण्याची शक्यता जास्त. स्टेज म्हणजे आजार शरीरात कुठवर पोचला. ती तपासणी आणि स्कॅनवरून ठरते. ग्रेड तीनची लहान गाठ पहिल्या स्टेजचीही असू शकते आणि बरीही होऊ शकते. स्तनाच्या गाठीत त्याच तुकड्यावर ईआर, पीआर, हर-टू या चाचण्या करून औषध ठरवतात. म्हणून भीतीपोटी बायोप्सी टाळू नका.

गर्भाशयमुखाच्या बाबतीत कॅन्सरआधीच्या बदलांनाही सीआयएन १, २, ३ अशा पायऱ्या आहेत. पहिली बहुधा आपोआप जाते. दुसरी-तिसरी वेळेत सापडली, तर छोट्या उपचाराने कॅन्सर टळतो.

याचा पुरावा जगाला आपल्याच जिल्ह्याने दिला. टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिलांचा अभ्यास सुरू केला. निष्कर्ष २००९ मध्ये आले. एचपीव्ही चाचणी एकदाच देऊ केलेल्या सुमारे ३४ हजार महिलांच्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या सुमारे साडेएकतीस हजारांच्या गटात ६४. त्या ६४ जणींमुळे अभ्यासावर नैतिक आक्षेपही घेतले गेले.

२०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही डीएनए चाचणीलाच पहिली पसंती दिली. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात मात्र ॲसिटिक ॲसिड लावून पाहण्याची व्हीआयए तपासणी आहे. धाराशिवच्या अभ्यासात तिने मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. मुंबईत दर दोन वर्षांनी केल्यावर ते ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे एकदाच करायची असेल, तर चाचणी एचपीव्हीचीच हवी. ज्या जिल्ह्यातील महिलांनी हे सिद्ध केले, त्यांच्या लेकी-सुनांना ती सरकारी दवाखान्यात मिळालीच पाहिजे. तोवर तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने उपलब्ध तपासणी तरी चुकवू नये.