‘एकहाती’ या शब्दाविरुद्ध

मराठी साहित्यव्यवहारात काही विशेषणे अशी आहेत की ती एकदा वापरली की पुढचे प्रश्न विचारावे लागत नाहीत. ‘एकहाती’ हे त्यांपैकी एक. अमुक यांनी नियतकालिक एकहाती चालवले, तमुक यांनी प्रकाशनसंस्था एकहाती उभी केली, असे म्हणताना आपला स्वर किंचित ओला होतो. त्या हाताचे पुढे काय झाले, हे मात्र आपण विचारत नाही. या विशेषणात गौरवापेक्षा सोय अधिक आहे, असे माझे म्हणणे आहे. मी स्वतः एक छोटी प्रकाशनसंस्था एकट्याने चालवतो. तेव्हा या म्हणण्यात माझा स्वार्थ आहे, हेही आधीच नमूद करतो.

‘बर्नआउट’ला मराठीत रुळलेला प्रतिशब्द नाही. ‘दमणे’ अपुरे पडते. ‘खचणे’ थोडे जवळ जाते. ग्रॅहम ग्रीन यांच्या ‘अ बर्न्ट-आउट केस’ या कादंबरीचे शीर्षक कुष्ठरोगाच्या परिभाषेतून आले आहे : रोग थांबलेला, पण हातापायांची बोटे घेऊन थांबलेला. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने 1974 मध्ये या अवस्थेवर लिहिले, ते न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यांत ध्येयाने राबणाऱ्या कार्यकर्त्यांना पाहून. जे सर्वांत निष्ठावान, तेच आधी जळतात, हे त्याच्या लक्षात आले होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये स्वीकारलेल्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ हा आजार मानलेला नाही. कामाशी निगडित अशी ती एक अवस्था मानली आहे. तिची लक्षणे तीन : शक्ती संपणे, कामाविषयी दुरावा किंवा तुच्छता वाटू लागणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. म्हणजे दोष शोधायचा तो माणसाच्या मनोबलात नव्हे, तर कामाच्या रचनेत.

आपली परंपरा नेमके उलट शिकवते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 ते 1881 या काळात ‘निबंधमाले’चे 84 अंक काढले आणि त्यांतला बहुतेक मजकूर स्वतः लिहिला. त्याच काळात सरकारी नोकरी सोडली, छापखाना आणि शाळा यांची उभारणीही केली. 1882 मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते गेले. अतिश्रमाने गेले असा दावा मी करणार नाही. पण हा हिशेब वर्गात शिकवताना आपण तो केवळ तेजाचा म्हणून शिकवतो, हे खरे. र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ 1927 पासून 1953 पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, चालवले. ते खटले आणि आर्थिक ओढाताण सोसून चालवले. त्यांच्या जीवनावरील 2001 च्या चित्रपटाचे नावच ‘ध्यासपर्व’. मात्र कर्व्यांच्या घराचा भार मालतीबाई कर्वे यांनीही वाहिला होता. म्हणजे ‘एकहाती’ हा शब्द तपशिलातही खोटाच. त्या एका हातामागे बहुधा दुसरा एक हात असतो. त्याचे नाव मुखपृष्ठावर येत नाही, इतकेच.

माझ्यापुरते सांगायचे तर, मी नऊ वर्षे हस्तलिखित वाचण्यापासून पार्सले बांधण्यापर्यंत सर्व कामे केली. पुस्तकाची किंमत ठरवताना कागद, छपाई, बांधणी, वितरकाची सवलत हे सारे मांडले. स्वतःच्या श्रमांचा रकाना कोराच ठेवला. तो कोरा रकाना म्हणजे निष्ठा, असे मला वाटे. पुढे एका रात्री आवडत्या कवीचा संग्रह उघडला आणि मला फक्त ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसू लागल्या. कविता दिसेना. फोन वाजला की पोटात गोळा येई, आणि लेखकांविषयी मनात असे काही येऊ लागले की ते इथे लिहिता येणार नाही. मी काम थांबवले. लेखकांना पत्रे पाठवली, अस्पर्श हस्तलिखिते परत केली, छापखान्याची देणी हप्त्यांनी फेडली. अकरा महिने एकही प्रूफ वाचले नाही. पहिले काही महिने विश्रांतीचाही उपयोग होत नव्हता. कारण मी थांबलो नव्हतो, केवळ लपलो होतो. संस्था बंद पडली तरी चालेल, हे मनापासून मान्य केले तेव्हाच झोप लागू लागली.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे : असे हिशेब मांडले असते, तर मराठीत काही उभेच राहिले नसते. वेडाशिवाय कार्य नाही! या आक्षेपाला श्रीधर व्यंकटेश केतकरांचे उदाहरण पुरेसे आहे. ज्ञानकोशाचे 23 खंड आपण एका माणसाचे वेड म्हणून सांगतो. वस्तुतः केतकरांनी त्यासाठी भागधारकांची कंपनी काढली, भाग विकले, लेखक-संपादकांचा वर्ग नेमला. त्यांचे स्वतःचे अखेरचे दिवस हलाखीत गेले, हे खरे. पण कोश पुरा झाला तो श्रम वाटून घेतल्यामुळे. वेड होतेच, पण त्याला वहीखात्याची जोड होती.

आता मी वर्षाला चारच पुस्तके काढतो. किमतीत माझे वेतन धरतो. हिशेब आणि वितरण यांसाठी अर्धवेळ माणूस ठेवला आहे. मे महिन्यात काम बंद असते आणि हे लेखकाला करारातच सांगितलेले असते. यात क्रांतिकारक काही नाही. किराणा दुकानदारही आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवतो. साहित्याच्या दुकानालाच तेवढी ही मुभा का नसावी?

शेवटी, साहित्याच्या प्राध्यापकांशी आणि विद्यार्थ्यांशी बोलायला हवे. कारण या व्यवस्थेचे लाभार्थी आपणच आहोत. पदोन्नतीसाठी आयएसबीएन क्रमांकाचे पुस्तक पंधरा दिवसांत हवे असते. मानार्थ प्रती हक्काने मागितल्या जातात. ग्रंथालयाचे बिल मात्र दोन-दोन आर्थिक वर्षे फिरत राहते. तोच संपादक गेला की त्याच्यावर चर्चासत्र होते आणि बीजभाषणात ‘व्रतस्थ’ हा शब्द हमखास येतो. व्रत घेणारा स्वतः घेतो. दुसऱ्याच्या व्रतावर आपले पारणे फेडणे याला मराठीत वेगळा शब्द आहे. तो मी इथे वापरत नाही. एखादा एकटा माणूस पुस्तके काढत असेल, तर त्याला ‘एकहाती’ म्हणण्याआधी त्याचे थकलेले बिल चुकते करा. ते झाले की गौरवाचे पाहू.