उरलेली रॅकेट नको, बाई!

घरातल्या बाईच्या वाट्याला उरलंसुरलं येतं, हे आपल्याकडे नवं नाही. उरलेली पोळी, उरलेली भाजी, मुलानं नवा घेतला की त्याचा जुना मोबाइल. आता त्यात जुन्या रॅकेटची भर पडली आहे.

नांदेड माझं माहेर, लातूर सासर. दोन्हीकडे चाळिशीतल्या बायका सकाळी बॅडमिंटन खेळायला बाहेर पडताना दिसतात, तेव्हा फार बरं वाटतं. पण महिन्या-दोन महिन्यांत त्यातल्या काही जणी “खांदा धरला गं” म्हणत घरी बसतात. दोष वयाला दिला जातो. मी म्हणते, आधी हातातली रॅकेट बघा!

ती बहुधा मुलाची जुनी असते. त्यानं स्मॅश मारायला घेतलेली. डोकं जड, दांडा कडक, तार घट्ट ताणलेली. अशा रॅकेटच्या अगदी मधोमध आणि वेळेवर लागलं तरच शटल लांब जातं. नवख्या हाताला ते साधत नाही, मग सगळा जोर खांद्यातून काढावा लागतो.

गोल्फमध्येही हेच. २०२१च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली अदिती अशोक चौथी आली, तेव्हा हा खेळ आपल्यापैकी अनेकींनी पहिल्यांदा पाहिला. तिथे लांब दांड्याचा ‘फेअरवे वूड’ चेंडू दूर नेतो, पण नवख्याला बहुतेकदा आखूड दांड्याचा ‘हायब्रिड’ आधी घ्यायला सांगतात. गवतातून चेंडू उचलायला तो सोपा, चूक पोटात घालणारा. शिकणाऱ्याला असंच साधन हवं.

मग रॅकेट कशी निवडायची? दांड्याजवळ ‘३यू’, ‘४यू’, ‘५यू’ असं लिहिलेलं असतं. आकडा मोठा, तेवढी रॅकेट हलकी. ‘४यू’ म्हणजे साधारण ८० ते ८४ ग्रॅम. आपल्याला ती किंवा ‘५यू’ पुरे. मग रॅकेट आडवी धरून एका बोटावर तोलून बघा. मुठीच्या टोकापासून २९ सेंटिमीटरच्या आसपास तोल साधला तर ती समतोल. बराच पुढे सरकला तर डोकं जड. दांडा थोडा लवचिक हवा. तार २० ते २२ पौंडांवरच बांधून मागा. सैल तारेवर शटल जरा कडेला लागलं तरी बऱ्यापैकी जातं.

शटलचंही तसंच. आपल्या गंजगोलाईला जसे सोळा रस्ते, तशी पिसांच्या शटलला सोळा पिसं. दिसतं देखणं, पण मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पिसं पटापट तुटतात. शिकताना नायलॉनचं बरं. त्यातही उन्हाळ्यात हिरव्या पट्टीचं घ्या. ते हळू उडतं. गरम हवा विरळ असते, त्यामुळे शटल आधीच जास्त पळतं. गोदाकाठच्या नांदेडपेक्षा लातूर उंचावर, म्हणून इथे किंचित आणखी.

“पुढे खेळ सुधारला की भारी रॅकेट लागेलच, मग आत्ताच ती का नको?” असं कुणी म्हणेल. पण स्मॅश नंतरची गोष्ट. आधी शटल मागच्या रेषेपर्यंत गेलं पाहिजे, आणि आपण दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर आलो पाहिजे. (दुखणं थांबतच नसेल, तर मात्र रॅकेट बदलून भागणार नाही, डॉक्टरांना दाखवा.)

खरी अडचण पैशांची नाहीच. चांगली साधी रॅकेट बऱ्याशा साडीच्या किमतीत येते. सुनेच्या ओटीसाठी, भाचीच्या लग्नासाठी आपण तेवढे सहज काढतो. स्वतःच्या खेळासाठी काढताना मात्र हात थबकतो, “घरात आहे ना एक!”

१८७०च्या दशकात या खेळाचे सुरुवातीचे नियम पुण्यात बसले, त्याला ‘पूना’ असंही म्हणत. आपल्याच मातीत वाढलेला खेळ आहे हा, बायांनो. तो खेळायचा तर आपल्या हाताच्या मापाची रॅकेट घ्या, आणि मुठीवर आपलं नावही घाला. म्हणजे ती कुणी उचलून नेणार नाही.