जांभळाचा पाक आणि मामंजींचा मधुमेह

एका भगिनीचें पत्र आलें आहे. तिच्या मामंजींस मधुमेह आहे. जांभूळ त्यावर गुणकारी, म्हणून सासूबाई ज्येष्ठांतच पाक करून ठेवतात व त्याचें सरबत मामंजींस रोज देतात. "इतकें कढविल्यावर फळाचा गुण उरतो काय?" असें ती विचारते. प्रश्न मार्मिक आहे. पण त्याच्या पोटांत दुसरा एक दडलेला आहे, त्याकडेहि वळूं.

जांभूळ, करवंद किंवा महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी यांचा रंग ज्या द्रव्यांमुळें येतो त्यांस अँथोसायनिन म्हणतात. मार्क्वार्ट या जर्मन शास्त्रज्ञानें १८३५ सालीं हें नांव योजलें. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ 'फूल' व 'निळें'. ('करमर्द' शब्दाचें आपण 'करवंद' केलें, तसें याचेंहि कोणी सोपें रूप करील तर बरें.) जांभळांत हीं द्रव्यें सालींत विशेष असतात. तेव्हां चुलीला दोष देण्यापूर्वीं गाळणीकडे पाहावें. सालीचा चोथा टाकला कीं गुणाचा मोठा वांटा त्याबरोबर गेला!

चुलीचा अपराध लोक समजतात तेवढा नाहीं. फळ कुसकरून उघडें ठेविलें असतां त्यांतीलच एन्झाइमें हवेच्या साहाय्यानें रंग नासवूं लागतात; चिरलेलें सफरचंद काळवंडतें तोच हा प्रकार. लगेच थोडी आंच दिली तर तीं निकामी होतात, म्हणजे अग्नि येथें रक्षकच ठरतो. तासन्‌तास आटविलें तर मात्र रंग घटतो, आणि क जीवनसत्त्वहि जातें. पुढची हानि फडताळांत होते व ती कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. उबेंत, उजेडांत महिनोन्‌महिने राहिलेली बाटली तपकिरी दिसूं लागली कीं तें द्रव्यहि तितकें नष्ट झालें असें समजावें. थंडीत ही झीज मंदावते. गोठविलेल्या फळांत तर गुण पुष्कळच टिकतो.

आतां दडलेला प्रश्न. पाकांत रसाइतकी, कित्येकदां त्याहूनहि अधिक साखर असते. गुण थोडा उरो कीं फार, साखर सगळी उरते. ती मधुमेही मनुष्यास औषध म्हणून रोज पाजणें आम्हांस सर्वस्वीं अयोग्य वाटतें. शिवाय परंपरेचा भर मुख्यत्वें बियांच्या चूर्णावर आहे, आणि तेंहि डॉक्टरांच्या औषधाची जागा घेऊं शकत नाहीं.

सासूबाईंस हें सुनेनें सांगणें अवघड, हें आम्ही जाणतों. हें पान त्यांच्या हातीं द्यावें. पाक नातवंडांसाठीं अवश्य करावा, बेतानें द्यावा. मामंजींस हंगामांत ताजीं जांभळें सालीसकट, डॉक्टर सांगतील तितकीं द्यावीं. कांहीं बिया काढून, साखरेवांचून, लहान डब्यांतून गोठवून ठेवावीं, म्हणजे दिवाळींतहि मिळतील. पाकाची बाटली मात्र खिडकींतून उचलून आंत, थंड जागीं ठेवावी.