भावाच्या घरची लूट

यरुशलेमच्या मुक्तीसाठी निघालेल्या चौथ्या क्रूसयुद्धातील सैन्याने एप्रिल १२०४ मध्ये ख्रिस्ती कॉन्स्टँटिनोपल नगरीच लुटली. ग्रीक राजपुत्र अलेक्सियस याने सिंहासन मिळवून देण्याच्या मोबदल्यात २,००,००० चांदीचे मार्क कबूल केले होते. ते पुरते फिटले नाहीत आणि वैर पेटले. ख्रिस्ती बांधवांवर शस्त्र उचलू नका, ही परमगुरू तिसरे इनोसंट यांची आज्ञा कोणी मानली नाही. तीन दिवस लूट चालली. हागिया सोफियाची वेदीही सुटली नाही. पुढे २००१ साली परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी अथेन्स येथे या पापाबद्दल परमेश्वराकडे क्षमा याचिली. मध्ये जवळजवळ आठशे वर्षे गेली! आम्हांस वाटते, देण्याघेण्यावरून भावाशी अबोला धरणाऱ्याने क्षमेचा शब्द नातवंडांवर सोपवू नये.