‘यावे’ची गोडी

लालबर्र्याहून एका आप्तांचे पत्र आले. शेवटी लिहिले होते, ‘तुम्ही आले तर आम्हाला चांगले लागेल.’ १९५६ साली बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, शेजारचा भंडारा मुंबई राज्यात गेला. तेव्हा असे व्हायचेच. आपल्या इंदुरात तरी काय निराळे ऐकू येते?

आग्रह पोचला, पण ‘आपण यावे असे फार वाटते’ यातले अगत्य हरवले. यात हिंदीला बोल लावण्यात अर्थ नाही. ‘आप आएँ’ हे आर्जव तिच्याजवळही आहेच. आपला विध्यर्थ आपणच अडगळीत टाकला आहे.

नात स्पॅनिश शिकते. तिच्या वहीत एक गंमत सापडली. त्या भाषेत ‘आवडणे’ थेट आपल्यासारखे चालते. ‘मे गुस्ता’ म्हणजे ‘मला आवडते’. आवडणारी वस्तू कर्ता, माणूस चतुर्थीत. पण ‘तू गातोस हे मला आवडते’ म्हणायचे तर ते ‘मे गुस्ता के कान्तेस’ म्हणतात, म्हणजे क्रियापद जवळजवळ ‘गावेस’ असे, गाणे प्रत्यक्ष ऐकत असले तरी! गाण्याची बातमी द्यायची नसून मनाचा कल सांगायचा असतो, म्हणून. मराठी इथे अधिक चोखंदळ आहे. घडते त्याला ‘गातोस हे आवडते’, मनात आहे त्याला ‘गावेस असे वाटते’. एवढा बारीक भेद आयता हाती असताना ‘चांगले लागेल’वर का भागवावे?

आप्तांना उत्तर धाडले: दिवाळीनंतर येतो, तोवर एक पत्र ‘यावे’ घालून पाठवावे.